बाकावर मधोमध ठेवलेला फोन

आमच्या रात्रशाळेत फोन दारात जमा करून घ्यायची पद्धत नाहीये, आणि कोणी ठरवलं तरी ते जमणार नाही, कारण वर्गात बसलेल्या बऱ्याच जणांची नोकरीच त्या फोनवर चालते. कुरिअरवाल्या मुलाला उद्या सकाळी कुठल्या एरियात जायचंय ते रात्री आठला कळतं, हॉस्पिटलात आयाचं काम करणाऱ्या ताईंना ड्युटी बदलल्याचा मेसेज येतो, एकीचं बाळ शेजारच्या मावशींकडे असतं आणि ते फारच रडायला लागलं की मावशी मिस कॉल देतात, मग ती वही तशीच उघडी टाकून पळते आणि बाजूची तिची वही पूर्ण करून ठेवते. त्यामुळे शाळेत मोबाईल असावा की नसावा या वादात मला पहिल्यापासून भागच घेता आला नाही. फोन होताच. तो आहे तर त्याचं काय करायचं, एवढाच प्रश्न होता.

मी लालबाग-परळ भागातल्या एका रात्रशाळेत विज्ञान आणि गणित शिकवते. साडेसहा ते साडेनऊ. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती, म्हणजे ही कल्पना किती जुनी आहे बघा. गिरणगावात तर पाळी सुटल्यावर शाळेत येणारी माणसं होती. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप झाला, मग हळूहळू गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले, आणि आता त्याच टॉवरमध्ये सिक्युरिटी, हाऊसकीपिंग, लिफ्टवर काम करणारी मुलं माझ्याकडे दहावीला बसतात. काही जणांची घरं भाडं परवडेना म्हणून कळवा-दिव्याला गेली, पण शाळा इथलीच ठेवलीये, कारण काम इथंच आहे.

आता रात्रशाळेची एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. इमारत आपली नसते. दिवसा तिथे दुसरी शाळा भरते आणि संध्याकाळी आपल्याला वर्ग मिळतात, बाक मिळतात, फळा मिळतो, पण प्रयोगशाळेला कुलूप असतं. काचसामान फुटलं तर जबाबदारी कोणाची, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे, मी त्यावर भांडत नाही. पण परिणाम असा की विज्ञानाच्या पुस्तकात "करून पहा" असं छापलेलं असतं आणि आमची मुलं ते वाचून पाहतात. आकृती काढतात, निष्कर्ष पाठ करतात. वीस-पंचवीस वर्षांची माणसं, दिवसभर हातांनी काम करणारी, आणि विज्ञान मात्र हात न लावता शिकायचं. मला याचं फार वाईट वाटायचं, अजून वाटतं.

मग मला कळलं की मुलांच्या खिशात प्रयोगशाळेतली बरीच उपकरणं आहेत. आपण स्क्रीन आडवी केली की चित्र आडवं होतं, ते होण्यासाठी फोनमध्ये त्वरण, म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतोय ते, मोजणारा सेन्सर असतो. होकायंत्र दाखवणाऱ्या फोनमध्ये चुंबकीय क्षेत्र मोजणारा असतो. माईक तर सगळ्यातच आहे आणि तो सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका फरक पकडू शकतो. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठातल्या लोकांनी २०१६ मध्ये फायफॉक्स नावाचं एक ॲप काढलं, ते हे सगळे सेन्सर आपल्यासाठी उघडं करून देतं. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. महिनाअखेरीला डेटा पॅक संपलेल्या वर्गासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे ते शिकवणाऱ्यालाच कळेल.

नववीला ध्वनीचा धडा आहे. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४४ मीटर, हे सगळ्यांना पाठ असतं. आम्ही तो व्हरांड्यात मोजला. दोन फोन घेतले, मोजपट्टीने बरोबर १० मीटर अंतरावर ठेवले. दोन्हींवर आवाजाने सुरू होणारं आणि आवाजानेच थांबणारं घड्याळ लावलं. या टोकाच्या मुलीने डस्टर बाकावर आपटला, तिच्याजवळचं घड्याळ लगेच सुरू झालं आणि आवाज १० मीटर गेल्यावर पलीकडचं सुरू झालं. मग पलीकडच्या मुलाने आपटला, त्याचं घड्याळ लगेच थांबलं आणि आवाज परत १० मीटर आल्यावर इकडचं थांबलं. म्हणजे इकडच्या घड्याळात जो जास्तीचा वेळ दिसतो तो आवाजाला जाऊन-येऊन २० मीटरला लागलेला वेळ. सोपं आहे. पण पहिला आकडा आला तो सहाशेच्या वर. मुलांचा चेहरा पडला. मग शोधाशोध सुरू झाली, समोरच्या चाळीत कुकरची शिट्टी झाली की घड्याळ आपोआप सुरू होतंय हे कुरिअरवाल्याच्या लक्षात आलं, मग आवाजाची मर्यादा वाढवली, पंखा बंद केला, टाळीपेक्षा डस्टरचा आवाज जास्त चांगला पकडतो हे एकीने शोधलं, खाली हॉर्न वाजला की सगळे एकदम "परत परत" म्हणून ओरडायला लागले. शेवटी फरक आला ०.०५८ सेकंद. वीस भागिले तेवढे. हॉस्पिटलात काम करणाऱ्या ताईंनी फळ्यावर भागाकार केला, ३४५ च्या जवळ आला आणि त्या खडू हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मॅडम, म्हणजे पुस्तकात खरं लिहिलंय." बाकीचे हसले, पण त्या काय म्हणतायत ते मला बरोबर कळलं. सातवीत शाळा सुटलेल्या बाईने पुस्तकातला आकडा स्वतः तपासून खरा ठरवला होता. आणि लगेच पुढचा प्रश्न आला की पुस्तकात २२ अंश सेल्सिअसला लिहिलंय, इथे तर घामाच्या धारा लागल्यात, मग आपला जास्त यायला नको का? यायला हवा. तापमान एक अंशाने वाढलं की वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरने वाढतो, म्हणजे मुंबईच्या ३० अंशात साडेतीनशेच्या आसपास. मग आपला कमी का आला यावर उरलेला तास गेला. मोजपट्टी ताणलेली होती का, फोनचा माईक कुठल्या बाजूला आहे, दोन्ही फोनांचे माईक एकमेकांपासून खरंच १० मीटरवर होते का. चूक कुठे असू शकते यावर इतकी चर्चा माझ्या वर्गात त्याआधी कधी झाली नव्हती.

आता माझं जे मुख्य म्हणणं आहे त्याकडे येते. या सगळ्यात वर्गाला दोनच फोन लागले.

सुरुवातीला ते सोयीसाठी होतं. कोणाच्या फोनमध्ये जागा नाही, कोणाची बॅटरी दहा टक्के, कोणाचा फोन इतका जुना की ॲप चालत नाही. म्हणून चार जणांत एक फोन, बाकावर मधोमध, स्क्रीन वर करून. पण करता करता दिसायला लागलं की चार जणांत एक फोन असला की वर्ग बोलतो आणि चारांकडे चार असले की वर्ग गप्प होतो. अगदी तेच ॲप, तोच प्रयोग, तीच मुलं. मधोमध ठेवलेला फोन म्हणजे चाळीच्या गॅलरीतला कॅरम बोर्ड, सगळ्यांचे हात त्याच्यावर, सगळ्यांची नजर त्याच्यावर, कोणी चुकीचं केलं की बाकीचे तिघं तुटून पडतात. तोच फोन एकाच्या हातात गेला, त्याने तो स्वतःकडे वळवला, की बाकीच्यांसाठी ते संपलं आणि त्याचंही शिकणं थोड्या वेळात संपतं, कारण वरून नोटिफिकेशन येतं आणि बोट तिकडे जातं. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालात तर म्हटलंय की असं एकदा लक्ष उडालं की मुलांना परत अभ्यासात यायला वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. आमचा तासच पस्तीस मिनिटांचा.

म्हणून मला वाटतं की गेली कित्येक वर्षं आपण उलट्या दिशेने पळतोय. प्रत्येक मुलाला एक डिव्हाइस, हे सगळ्यांचं स्वप्न. मुंबईत पालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या मुलांना टॅब दिले तेव्हाही दप्तराचं ओझं कमी होईल, प्रत्येकाच्या हातात टॅब येईल हेच बोललं जात होतं. हेतूबद्दल मला शंका नाही. पण प्रत्येकाच्या हातात एक याचा अर्थ प्रत्येकजण एकटा असाही होतो, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. दिल्लीत १९९९ मध्ये सुगत मित्रांनी कालकाजीच्या वस्तीला लागून भिंतीत एक कॉम्प्युटर बसवला होता तो प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असेल. त्याच्या निष्कर्षांवर पुढे खूप वाद झाले, शिक्षक नसला तरी चालतं हे तर मला अजिबात पटत नाही. पण त्यातली एक गोष्ट मी कायम लक्षात ठेवलीये, कॉम्प्युटर एकच होता आणि पोरं घोळक्याने त्याच्याभोवती उभी असायची.

लॉकडाऊनमध्ये आपण याच्या बरोब्बर उलटं बघितलं ना. मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या आणि मुंबईत पहिली ते सातवीची मुलं वर्गात परत आली ती डिसेंबर २०२१ मध्ये. एवढा काळ फोन हीच शाळा होती. काळाचौकीत माझी बहीण राहते, तिच्याकडे दहा बाय बाराची खोली, दोन मुलं, एक फोन, आणि तो फोन भाऊजींबरोबर सकाळी कामावर जायचा. रात्री नऊला ते परत आले की भाचा पांघरुणात शिरून दिवसभराचे पाठवलेले व्हिडिओ बघायचा. बघायचा म्हणजे चालू असायचे. त्याच्या चुका कोणी काढत नव्हतं, तो कोणाची चूक काढत नव्हता, शेजारी कोणी "ए मला पण नाही कळलं" म्हणणारं नव्हतं. त्या काळात शिक्षकांनी जीव तोडून काम केलंय, मीही त्यात होते, व्हॉईस नोट पाठवून पाठवून घसा बसायचा. तरी मुलं मागे पडली, आणि त्यांना मोबाईलचं वेड लागलं म्हणून आपण वर त्यांनाच बोललो.

मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणारा 'असर'चा २०२४ चा अहवाल आहे, ग्रामीण भागाचा आहे, मुंबईचा नाही, पण चित्र ओळखीचं वाटतं. १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्याआधीच्या आठवड्यात अभ्यासाचं काहीतरी त्यावर केलं अशी ५७ टक्के, आणि सोशल मीडिया बघितला अशी ७६ टक्के. लोक हे आकडे वाचून मुलांवर चिडतात. मला त्या ५७ चं जास्त कुतूहल आहे, त्यांनी नेमकं काय केलं असेल, कोणाबरोबर केलं असेल. आणि आदल्या वर्षीच्या अहवालात १४ ते १८ वयोगटाबद्दल जे होतं ते तर मला माझ्या वर्गातही दिसतं. फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी साधारण ४४ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन, मुलींमध्ये हाच आकडा २० टक्के. माझ्याकडे एक मुलगी आहे, चार घरची कामं करून शाळेत येते, स्वतः कमावते, पण फोन भावाच्या नावावर आणि भावाच्या हातात. तिला अभ्यासाची लिंक पाठवायची म्हणजे आधी भाऊ बघणार, मग ठरवणार. ज्या दिवशी मी वर्गात सगळ्यांना आपापल्या फोनवर करायला सांगीन त्या दिवशी ती मुलगी वर्गाबाहेर गेली असं समजायचं. बाकावरच्या एका फोनवर तिचा हक्क इतर तिघांएवढाच असतो. आणि खरं सांगते, ध्वनीच्या प्रयोगात टाळीऐवजी डस्टर हे तिनेच शोधलं होतं.

व्हिडिओंबद्दल लोक मला विचारतात. यूट्यूबवर मराठीत दहावीचे चांगले धडे आहेत, दीक्षा ॲप २०१७ पासून आहे, बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत, पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. हे क्यूआर कोडचं काम सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी सुरू केलं आणि मग ते राज्यभर गेलं, त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी बरोबरच्या नऊ स्पर्धकांना वाटून टाकली, हे मी दरवर्षी मुलांना सांगते. कारण खेड्यातल्या एका मास्तरांनी पुस्तकातल्या कवितेला आवाज दिला, ही साधी गोष्ट नाही. पण नुसतं बघितल्याने होत नाही. मुलं येतात, म्हणतात मॅडम बघितला व्हिडिओ, समजलं सगळं. बहिर्वक्र भिंगाची किरणाकृती काढ म्हटलं की पहिला किरण कुठून सोडायचा इथेच पेन्सिल अडते. समजल्यासारखं वाटणं आणि हाताला येणं यात मोठं अंतर आहे. म्हणून वर्गात आम्ही व्हिडिओ लावला तर पॉज करून करून बघतो, पुढे काय होईल ते आधी वहीत काढायचं, मग प्ले. चार मिनिटांचा व्हिडिओ अख्खा तास खातो. खाऊ दे.

फोन घेऊन वर्गाबाहेर पडता येतं हा त्याचा आणखी एक फायदा, आणि लोकल तर आमच्या मुलांची रोजचीच. नववीचा पहिलाच धडा गतीचे नियम. करी रोडवरून कल्याणकडे जाणारी तिघं जण शाळा सुटल्यावर स्लो पकडतात, त्यांनी एकदा फोन सीटवर डब्याच्या भिंतीला घट्ट टेकवून ठेवला आणि करी रोड ते परळ त्वरणाचा आलेख काढला. गाडी सुटली की रेघ वर चढते, साधारण अर्ध्याच्या आसपास राहते, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर प्रति सेकंदाने वेग वाढतोय, मग शून्याकडे येते, आणि ब्रेक लागला की शून्याच्या खाली जाते. दुसऱ्या दिवशी तो आलेख फळ्यावर काढला. वीस सेकंद अर्ध्याने वाढला तर वेग किती? दहा मीटर प्रति सेकंद. म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. दिव्याचा मुलगा म्हणाला, पण मॅडम मधे गाडी जोरात असताना रेघ शून्यावर का? याच प्रश्नासाठी मी वर्षानुवर्षं डोकं फोडत होते, वेग आहे पण त्वरण नाही हे फळ्यावर कितीही सांगा, मुलं मान हलवतात आणि परीक्षेत उलटं लिहितात. इथे त्याने स्वतः खिडकीतून बाहेर बघितलं होतं, गाडी पळत होती, आणि फोन शून्य दाखवत होता. बाकीच्या दोघांनी त्याला समजावलं, मी बोललेच नाही.

पण फोनने सगळं सांगावं असंही मला वाटत नाही, आणि भरतीच्या वेळी ते फार छान दिसलं. पावसाळ्यात मुंबईत सगळेच भरतीच्या वेळा बघतात, साडेचार मीटरच्या वर भरती आणि त्याच वेळी जोराचा पाऊस आला की हिंदमाताला पाणी भरणार हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. आम्ही पंधरा दिवस फोनवरून भरतीची वेळ आणि उंची काढून आलेख कागदावर मांडायला घेतला. दिवसाला दोन भरत्या, रोज साधारण पन्नास मिनिटांनी उशीर, पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला उंच आणि अष्टमीच्या आसपास बुटक्या. आलेख सुंदर येत होता. तेवढ्यात शिवडी कोळीवाड्यातला मुलगा म्हणाला, आमचे काका फोन न बघता सांगतात. कसं? तिथीची पाऊणपट करायची. म्हणजे पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, पावणेचारला भरती. अष्टमी असेल तर सहा वाजता. मग काय, वर्ग पेटलाच. कोणीतरी फोनवर कॅलेंडर काढलं, तिथी लावल्या, फोनचा आकडा आणि काकांचा आकडा शेजारी शेजारी. कधी चांगला जुळतो, कधी तासभर इकडेतिकडे होतो, पण ठोकताळा म्हणून काय भारी आहे. मग मी विचारलं, पाऊण तास म्हणजे किती मिनिटं? पंचेचाळीस. आणि आपल्या आलेखात रोजचा उशीर किती? पन्नासच्या जवळ. चंद्र पृथ्वीभोवती रोज थोडा पुढे सरकतो, त्याला गाठायला पृथ्वीला तेवढा जास्त वेळ फिरावं लागतं, आणि ते कोळ्यांनी पिढ्यान्पिढ्या पाण्याकडे बघून पाऊणपटीत बसवलंय. मोठ्या भरतीला त्यांच्याकडे उधाण म्हणतात आणि छोटीला भांग, हेही त्याने सांगितलं आणि आम्ही आलेखावर तेच शब्द लिहिले. एरवी हा मुलगा मागच्या बाकावर बसतो, पहाटे भाऊच्या धक्क्यावर काम असतं म्हणून त्याला आठनंतर झोप येते. त्या दिवशी तो शेवटपर्यंत फळ्यापाशी होता.

हल्ली मुलं एआयलासुद्धा विचारतात, मराठीत बोलून विचारतात, उत्तर येतं. मी अडवत नाही. पण तिथेही नियम तोच, चौघांनी मिळून विचारायचं, उत्तर मोठ्याने वाचायचं, आणि पुस्तकात किंवा मराठी विश्वकोशात तपासायचं. विश्वकोश आता नेटवर मोफत आहे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून उभं केलेलं ते केवढं मोठं काम आज आपल्या मुलांच्या खिशात आलंय, त्याचा वापर मात्र फारच कमी होतो. एकट्याने विचारून मिळालेलं उत्तर मुलं जसंच्या तसं उतरवतात. चौघांत एक तरी असतो जो म्हणतो, "हे काय बरोबर वाटत नाही यार."

बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं मला पटतं, हेही सांगायला हवं. फ्रान्सने २०१८ मध्येच पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेत फोन वापरायला बंदी केली, इतरही देश त्या वाटेने जातायत. लहान मुलांच्या दिवसाच्या शाळेत खिशात फोन नसावाच असं माझंही मत आहे. फक्त त्या बंदीत शिक्षकाच्या टेबलावरचे दोन-चार फोन, जे तासापुरते बाकावर येतील आणि परत जातील, तेही जाऊ नयेत. मुलाला स्वतःचा फोन न देताही फोनवर शिकवता येतं, उलट जास्त चांगलं शिकवता येतं. त्याला पैसेही कमी लागतात, घराघरात पडलेले तडा गेलेले जुने फोन चालतात, सिम नसलं तरी चालतात. लागतो तो शिक्षकाला तयारीचा वेळ. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून हेच काम करतंय की मुलांनी विज्ञान करून शिकावं, अरविंद गुप्तांनी कचऱ्यातून खेळणी करून दाखवली, त्यांचे व्हिडिओ आणि पुस्तकं मराठीत फुकट आहेत. म्हणजे काय करायचं हे सांगणारे लोक आपल्याकडे आहेत. पण दोन नोकऱ्या करून रात्रशाळेत शिकवणाऱ्या माणसाकडून ही तयारी आपण फुकटात मागतोय, ट्रेनिंग म्हणून त्याला पीपीटी दाखवतोय, आणि मग टॅब कपाटात पडून राहिले म्हणून ओरडतोय.

साधे प्रयोग तर कोणीही करावेत. टीव्हीचा रिमोट फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश बऱ्याच फोनांवर जांभळट चमकताना दिसतो. कांद्याचा पापुद्रा, आयोडीनचा एक थेंब, आणि कॅमेऱ्यावर साधं भिंग, पेशींच्या विटा दिसायला लागतात. हे घरात आजीलाही दाखवता येतं, फक्त फोन एकट्याने बघू नका, मधोमध ठेवा.

सध्या आमचं टॉवरचं चाललंय. वर्गातला एक जण लालबागच्या एका टॉवरमध्ये लिफ्टवर असतो, त्याने वाचलं की उंचीबरोबर हवेचा दाब कमी होतो. आपल्याकडे समुद्रसपाटीला एक मीटर वर गेलं की दाब साधारण ०.१२ हेक्टोपास्कलने उतरतो, म्हणजे एका मजल्याला ०.३५ च्या आसपास. त्याला प्रत्येक मजल्यावर आकडा घेऊन आलेख काढायचाय आणि त्यावरून मजल्याची उंची काढायचीय, मग बिल्डरने सांगितलेल्या उंचीशी ताडून बघायचंय. अडचण एकच, दाब मोजणारा सेन्सर स्वस्त फोनमध्ये नसतो, वर्गात कोणाकडेच निघाला नाही. बाविसाव्या मजल्यावरच्या काकांकडे महागातला फोन आहे, रोज सकाळी फिरायला जाताना ते याच्याशी दोन शब्द बोलतात. याने त्यांना विचारलं, ते म्हणाले रविवारी दुपारी ये, लिफ्ट रिकामी असते, मीही येतो, मलाही बघायचंय. आता वर्गात भांडण हे चाललंय की रविवारी त्याच्याबरोबर लिफ्टमध्ये आणखी कोण तिघं जाणार.